नऊ आणि सतरा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ड्यूटी बदलली. अकरा नंबरच्या बाईंना चार वाजता घरी सोडायचंय, एवढं सांगून सकाळच्या नर्सने पर्स उचलली. न्यूमोनिया, पाचवा दिवस, ताप कालपासून नाही.

बाई याच वॉर्डात बावीस वर्षं मुख्य सिस्टर होत्या. आता घरचे कपडे घालून, पिशवी मांडीशी घेऊन खाटेच्या कडेला बसल्या होत्या. चपलासुद्धा पायात होत्या.

दुपारच्या नर्सने तक्ता पाहिला. रक्तदाब ठीक, ऑक्सिजन चौऱ्याण्णव, नाडी एकशे बारा. श्वास अठरा, अठरा, अठरा. अक्षर तिघींचं, आकडा एकच. ताप उतरलेल्या, नुसत्या बसून असलेल्या बाईची नाडी एकशे बारा कशाला, ते तिच्या लक्षात येईना. तिने मनगट धरलं.

"तू आलीस, बरं झालं," बाई म्हणाल्या. "सकाळची पोर नाडी बघते की रस्ता ओलांडायला हात धरते, तेच कळत नाही."

नाडी तेवढीच होती. नर्सने मनगट सोडलं नाही, नजर फक्त घड्याळावरून छातीवर नेली. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळू द्यायचं नसतं. कळलं की तो श्वास सांभाळून घेतो. हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. पुरं मिनिट मोजायचं, हेही. पण वॉर्डात चाळीस खाटा असल्या की सगळ्याजणी अर्धं मिनिट मोजतात आणि दुप्पट करून लिहितात.

अर्ध्या मिनिटात नऊ झाले. संथ, एकसारखे.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा सहावर आला आणि बाई हात मागे घेऊ लागल्या. नर्सने तो धरून ठेवला. बाईंच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला. खांदे वर आले. मग श्वास आवरेनात. उरलेल्या अर्ध्या मिनिटात सतरा.

"कधीपासून असं चाललंय, बाई?"

"कालपासून." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "एकीनं... एकीनं जरी पुरं मिनिट मोजलं असतं ना, तर कालच सापडले असते. माझ्या हाताखाली असत्या तर एकेकीला उभं आडवं झापलं असतं."

"काय लिहू मी?"

"नऊ दुणे अठरा. पाढे येतात ना तुला?"

नर्स हसली नाही. बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"घरी आमचे हे दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी घेत नाहीत. कुणाला ओळखतच नाहीत माझ्याशिवाय. शेजारीण बिचारी सकाळपासून रात्रीपर्यंत ग्लास घेऊन मागे फिरते. परवापर्यंत दोन-चार घोट गेले. कालपासून तोंड मिटूनच घेतलंय. या वयात पाणी नाही गेलं तर काय होतं, तुला वेगळं सांगायला नको."

"त्यांना इथे आणू या. पलीकडची खाट रिकामी आहे."

"परक्या खोलीत ते भिंतीवर डोकं आपटून घेतात. मागच्या खेपेला सात टाके पडले."

"मग ड्यूटी संपली की मी जाते."

"तुला ओळखतात का ते?"

नर्सने पेनाचं टोपण काढलं.

"चारला सोड मला. त्यांना पाणी पाजते, निजवते आणि उद्या सकाळी माझी मी चालत येते."

मिनिटाला चौतीस श्वास घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी चालत येत नसतो. हे नर्सला ठाऊक होतं. बाईंना तिच्याआधीपासून ठाऊक होतं.

नर्सने पहिले नऊ सोडून दिले आणि रकान्यात सतराची दुप्पट, चौतीस लिहिलं. बाई पेनाच्या टोकाकडे बघत होत्या.

"वेळ टाक पुढे," त्या म्हणाल्या. "वेळ नसेल तर आकड्याला अर्थ नसतो."

अडीचला डॉक्टर आले. उजव्या फुफ्फुसात खाली हवा जात नव्हती. त्यांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, डिस्चार्जचा कागद परत घेतला आणि ऑक्सिजनचा मास्क लावायला लावला. नर्सने बाईंच्या पायांतल्या चपला काढून खाटेखाली ठेवल्या. बाईंनी पाय उचलून दिले, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पाच चाळीसला शेजारणीचा फोन आला. चमच्यानं पाजून बघितलं, चमचा उडवून दिला, दुपारपासून उठलेही नाहीत, ती सांगत होती. नर्सने आवाज मोठा करून फोन बाईंच्या तोंडाशी धरला.

"त्यांच्या कानाला लाव," बाई शेजारणीला म्हणाल्या. मग त्यांनी मास्क खाली ओढला. "अहो, मी... मी बोलतेय. पाणी... घ्या. ती देतेय... ते... घ्या."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर होती.

"ही नव्हे," म्हातारा आवाज म्हणाला. "ही कोण धापा टाकतेय? तिला बोलवा."

बाईंनी मास्क स्वतःच वर चढवला, नाकावर नीट बसवला आणि डोळे मिटले.

नर्सने बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. घरी कुणाला तरी पाठवून सलाईन लावता येईल का, तिने विचारलं. बघतो, ते म्हणाले आणि त्यांनी पत्ता लिहून घेतला. सहा वाजता बाईंचे श्वास मोजले. पुरं मिनिट. छत्तीस.

सहा वाजून दहा मिनिटांनी तिने शेजारणीला परत फोन लावला. रिंग शेवटपर्यंत वाजली. कुणी उचलला नाही.