वाकड्या तोटीची किटली

भिंतीवरच्या फळ्याचा शेवटचा स्क्रू बाईंच्या हातून काही केल्या निघत नव्हता. तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.

"चित्रकलेचा वर्ग इथंच ना?"

"होता," मागे वळूनही न बघता बाई म्हणाल्या. "आजपासून बंद. चित्रं आता यंत्र काढतं. शिकायला कोण मरायला येणार?"

"मी आलोय."

दारात चाळिशीचा माणूस उभा होता. हातात नवीकोरी पेन्सिल, तीही टोक न केलेली. बाईंचं उभं आयुष्य शिकवण्यात गेलेलं. आल्या माणसाला परत पाठवायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी चहाची रिकामी किटली टेबलावर ठेवली. "काढा ही." तेवढ्यात आपलं सामान बांधून होईल, असा त्यांचा विचार.

सामान तसंच राहिलं. तो चुकत होता, खोडत होता, पुन्हा काढत होता. कागदाला भोक पडायची वेळ आली. किटलीची तोटी हत्तीच्या सोंडेसारखी झाली, तेव्हा तो स्वतःच खो खो हसला. बाईंना राहवेना.

"आधी किटलीकडे बघा हो! सावली कुठं पडलीय?"

त्यानं डोळे बारीक केले. आणि एकदम त्याला ती सावली दिसली. त्याचा चेहरा असा खुलला, की बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारीच बसल्या. कुणाला काही दाखवावं असं कित्येक महिन्यांत त्यांना वाटलं नव्हतं.

"काय करता आपण?" तो निघताना त्यांनी विचारलं.

तो घुटमळला. "तुम्ही म्हणालात ना, चित्रं काढणारं यंत्र? तसलंच एक मी बनवतो. कंपनीत."

बाईंचं डोकं सणकलं. "मग इथं काय माझी गंमत बघायला आलात?"

"नाही हो, बाई." त्यानं मान खाली घातली. "काल मुलीला मोठ्या कौतुकानं त्या यंत्राची चित्रं दाखवली. ढीगभर. तिनं एकेक नीट पाहिलं आणि विचारलं, 'बाबा, यातलं तू कुठलं काढलंस?' म्हणून आज ही पेन्सिल घेतली."

बाईंनी त्याचा कागद पुन्हा टेबलावर पसरला.

"खाली सही करा," त्या म्हणाल्या. "आज तिला उत्तर द्यायचंय ना? आणि उद्या येताना तिलाही घेऊन या."