निकेलची अक्षरं

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्याने कॉलेजच्या लॅबमधून काचेची पट्टी आणली होती. तिच्यावर चंदेरी अक्षरांत लेकीचं नाव लिहिलं होतं, मैत्री. "लेझरनं लिहिलं," तो कौतुकानं सांगत होता. "बंद पेटीत निकेल कार्बोनिलची वाफ भरली, अन् जिथं किरण पडला तिथंच काचेवर धातूचा थर बसला. केसाहूनही पातळ!" मी विचारलं, "सगळी वाफ काढल्यावरच पेटी उघडली नं?" तो हसला. "तुह्या एमएस्सीनं जीव खाल्ला बाप्पा! काल घाई होती, उघडली थोडी आधीच. डोकं दुखलं, मळमळलं. बाहेर कडुनिंबाखाली बसलो, तर एकदम बरा." ही वाफ माणसाला मध्ये बरं वाटू देते आणि दुसऱ्या दिवशी छाती धरते, हे मी शिकले होते. "आत्ताच्या आत्ता सेवाग्रामच्या दवाखान्यात चला." "केक तं कापू दे! तुले शिंक आली तरी दवाखाना दिसते." सासूबाईही म्हणाल्या, "काऊन वं, पोरीले ताटकळत ठेवून राह्यली?" त्याने मैत्रीला कडेवर घेतलं, केकवर वाकला आणि गाल फुगवून फुंकर मारली. एकच मेणबत्ती होती. ज्योत जराशी कलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. सगळे हसले. तोही हसायला गेला, पण श्वास पुरला नाही.