चुकलेलं गणित

गोवराची साथ कुठवर पसरेल याचं गणित मांडणं हे चंदनचं काम. "लस टोचली नाही तर दिवाळीपर्यंत पेणकरपाड्यातली पन्नास पोरं दगावतील," असं त्यानेच चाळीच्या सभेत ठणकावून सांगितलं होतं. त्या धास्तीने आयांनी झाडून सगळ्या पोरांना लस टोचून घेतली.

दिवाळी सरली आणि त्याच पोरांच्या बापांनी चंदनला नाक्यावर गाठून लाथांनी तुडवलं. चष्म्याचा चुरा झाला, दात हातात आला, तरी तो विचारतच होता, "अरे, पण मी केलं काय?"

कडेवरच्या मुलीला सावरत एकाने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

"खोटारड्या, पन्नास मरतील बोललेलास ना? दाखव, एक तरी मेलं काय?"