कमावता मुलगा

"कामाला जातोस का रे?" डॉक्टरांनी सहज विचारलं, आणि तो म्हणाला, "हो. पगार आहे मला."

आईने त्याच्या गुडघ्यावरचा हात घट्ट दाबला. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिने त्याला दहादा बजावलं होतं, "आत गेल्यावर मी बोलेन, तू नुसता बस." पण आजवर डॉक्टर लोक त्याच्याबद्दल विचारायचे ते कायम आईलाच. झोपतो का, जेवतो का, शेवटची फिट कधी आली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या तोंडाकडे बघून त्याला कामाचं विचारलं होतं. तो गप्प कसा बसणार?

टेबलामागे दोघे होते, तपासणीचे डॉक्टर आणि आरोग्य योजनेचे साहेब. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

आई सरकारी कचेरीत टायपिस्ट होती आणि महिनाअखेरीला रिटायर होत होती. नोकरी होती तोवर तिच्या आरोग्य कार्डावर दोघांचं भागलं. आता नव्याने निवड करायची होती. एक तर दरमहा ठरलेला औषधभत्ता घ्यायचा आणि आपलं आपण निस्तरायचं, नाहीतर जन्मभराचं कार्ड घ्यायचं. एकदा ठरलं की बदल नाही. कचेरीतल्या हेडक्लार्कने तिला खडसावून सांगितलं होतं, "भत्त्याच्या नादी लागू नका बाई. पोरगं एकदा दवाखान्यात पडलं की वर्षाचा भत्ता दोन दिवसांत उडेल. कार्डावर त्याचं नाव लागलं तर तुमच्या मागेही त्याला चालेल." हे तिला पटायला वेळ लागला नाही. गेल्या वर्षी फिट थांबेचना, तेव्हा तो आठवडाभर नळ्यांत होता. कार्ड नसतं तर घर विकावं लागलं असतं.

अट एकच होती. सज्ञान मुलाचं नाव लागतं, ते तो कमावता नसेल तरच. ही अट मात्र आईने त्याला सांगितली नव्हती. सांगितली असती तर तो तिच्याशी कडाकडा भांडला असता.

"कुठे कामाला?" डॉक्टर माणूस मोठा चौकस होता.

"खोक्यांच्या कारखान्यात. बुटांची खोकी. पुठ्ठा मी दुमडतो."

कारखान्यात त्याला सगळे 'मॅनेजर' म्हणत. थट्टाच ती, पण त्याने ती मनावर घेतली होती. उशिरा येणाऱ्याला तो भिंतीवरचं घड्याळ दाखवायचा. पगाराच्या दिवशी मालक त्याच्या हातात पाकीट ठेवायचे. ते तो न फोडता घरी आणायचा आणि आई म्हणायची, "आला गं बाई माझा कमावता लेक!" त्या पगारातून घरात पंखा आला होता. पाहुणा आला की तो आधी पंखा लावायचा, मग पाणी विचारायचा.

"वा! मग उत्तमच आहे की," डॉक्टर म्हणाले.

"बाई, कमावत्या मुलाचं नाव मला लावता येणार नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या एकटीचं कार्ड होईल."

"अहो साहेब, तो कसला पगार? चणेफुटाणे ते."

"कितीही असो. पगार तो पगार."

आईचा चेहरा उतरला. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं, काय ते कळेना. आईची बाजू सावरायला तो घाईने म्हणाला, "दहा वर्षं झाली साहेब. फिटचे दिवस सोडले तर एक खाडा नाही. मालकांना विचारा."

"तू जरा बाहेर बस, राजा," आई म्हणाली.

"बसू दे त्यांना," साहेब म्हणाले. "जबाब त्यांच्यासमोरच घ्यावा लागतो."

आई थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग त्याच्याकडे न बघता बोलली.

"त्याचा पगार मी देते, साहेब. महिनाअखेरीला मालकांच्या हातात नेऊन ठेवते. ते पाकिटात घालून याला देतात. हा मला आणून देतो."

डॉक्टर चष्मा पुसू लागले. साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि काम?"

"बसवून घेतात हेच उपकार म्हणायचे."

साहेबांनी मालकांकडून तसं लिहून आणायला सांगितलं. दोघांचं कार्ड होईल, बाईंच्या मागेही चालेल, म्हणाले. मग जड मनाने पुढचंही सांगितलं. "पण बाई, पाकीट आता बंद करायचं, आणि कारखान्यात जाणंही. उद्या कुणी तक्रार केली तर कार्ड रद्द होईल."

आईने हात जोडले. काम झालं होतं, आणि तिचे डोळे वाहत होते.

जिन्यात चक्कर येईल म्हणून तो नेहमी तिचा हात धरून उतरायचा. आज त्याने कठडा धरला. छातीत काहीतरी दुखत होतं, आणि हे दुखणं फिटचं नव्हतं एवढं त्याला समजत होतं. रस्त्यावर आल्यावर आई मागून घाईघाईने आली.

"घरी आराम कर आता, राजा. खूप केलंस."

तो उभा राहिला. विचार करायला त्याला वेळ लागायचा, पण केलेला विचार सहसा चुकायचा नाही.

"महिनाअखेरपर्यंत जाऊ ना?"

"जा की. तोवर जा."

"म्हणजे आई," तो म्हणाला, "आपण दोघं एकाच दिवशी रिटायर होणार."