करपलेली भाकर

सिस्टिक फायब्रोसिस घेऊनच जन्मलेल्या हर्षदाचं नाक सात वर्षं चोंदलेलंच होतं. वास म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. आता सुरतच्या डिंडोली भागातल्या घरात रोज सकाळी मशीन घरघरायचं आणि तिच्या नाकात औषधाची वाफ सोडायचं. मशीन बंद पडलं की रत्नाची, म्हणजे तिच्या आईची, तव्यावरची भाकर हमखास करपायची.

"सुरतला येऊन भाकर भाजायचीही विसरलीस का गं?" सासू रोज टोमणा मारायची. रत्ना आतल्या खोलीकडे कान लावून बसायची.

औषध सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात आतल्या खोलीतून हर्षदाने हाक मारली, "मम्मी, मशीन तर बंद झालं. मग हे नाकात काय येतंय?"

सासू तव्याकडे धावली. रत्नाने तिचा हात धरला.

"राहू द्या, आत्याबाई. अजून थोडी जळू द्या."