भट्टीपुढची जागा

युद्धनौका उद्या मोडीत निघणार होती. पहिल्या महायुद्धात तोफा डागत इराकातल्या बसऱ्यापर्यंत गेलेली ती बोट पुढे शिकाऊ खलाशांची शाळा झाली, मग कोळशाचं गोदाम. शेवटची काही वर्षं ती मुंबई बंदरात नुसती नांगरून पडली होती आणि तिच्यावर बाबाजी पालशेतकर हा एकटाच राखणदार होता. तरुणपणी तो तिच्याच भट्टीत कोळसा टाकायचा.

बातमी ऐकून हर्णैहून धाकू वासावेची बायको आली, धक्क्यावरून पडाव, म्हणजे भाड्याची होडी, करून थेट बोटीपाशी. धाकू बाबाजीचा भट्टीवरचा जोडीदार. युद्धात बॉयलर फुटला त्यात तो गेला, देह समुद्रालाच द्यावा लागला होता.

"भावोजी, ते गेले ती जागा एकदा दाखवा. उद्या तीही उरायची नाही."

कंदील घेऊन बाबाजीनं तिला लोखंडी शिडीवरून खाली नेलं. गंजलेल्या भट्टीपुढे ती थांबली.

"इथे उकडायचं?"

"वहिनी, घामानं बूट भरायचे आमचे."

"मला सांगायचे, बोटीवर सारखा गार वारा असतो. उकाड्याची मी कुरकुर केली, की हसायचे."

ती खाली बसली आणि पदरानं त्या थंड लोखंडाला हळूहळू वारा घालू लागली.

पडाववाला वरून हाका मारत होता. इतक्या वर्षांत बोटीवर आलेलं ते पहिलंच घरचं माणूस. बाबाजीनं तिला उठा म्हटलं नाही. तोही शेजारी बसला.