कोण लागतो?

"कागद शिळा झालाय," अधिकारी म्हणाला आणि काचेखालच्या फटीतून संमतीपत्र परत सरकवलं.

फिटरने ते उचलून पुन्हा वाचलं. मुलीच्या जन्मदात्या बापाची सही होती, साक्षीदारांच्या सह्या होत्या, शिक्का होता. फक्त मुदत संपली होती. व्हिसा लांबत गेला आणि त्या धावपळीत कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"साहेब, मी आई आहे तिची," त्याची बायको म्हणाली. "मी सोबत आहे ना."

"आईची हरकत नाही, ते दिसतंय मला. बापाची हरकत नाही हे कशावरून? मूल हद्दीपलीकडे न्यायचं तर दोघांची संमती लागते. उद्या तो माझ्याच नावाने ओरडत येईल."

अडसरापाशी बस उभी होती. बाकीच्या प्रवाशांचे शिक्के मारून झाले होते आणि त्यातले काही खिडकीतून मान काढून या तिघांकडे बघत होते. टपावर त्यांचा अख्खा संसार दोरीने आवळून ठेवलेला होता. आधीची भाड्याची खोली सोडली होती, किल्ली मालकाच्या हातात दिली होती. पलीकडच्या कारखान्यात फिटरला कायमची नोकरी लागली होती.

अधिकारी वाईट नव्हता. त्यानेच वाट सुचवली. "फोन लावा त्याला. माझ्यासमोर, स्पीकरवर हो म्हणाला तर मी तसा शेरा मारतो."

बायकोने नंबर काढला, पण लावेना. पहिला नवरा सोडून गेला तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. त्यानंतर त्याच्याशी जे काही बोलणं झालं ते नणंदेमार्फत. शेवटी फिटरनेच तिच्या हातातून फोन घेतला, लावला आणि काचेखाली सरकवला.

अधिकाऱ्याने स्वतःची ओळख सांगितली, काम सांगितलं. पलीकडे कुठेतरी टीव्हीवर मॅच चालू होती. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"माझी कुठे ना आहे?" पहिला नवरा निवांतपणे म्हणाला. "तो आहे का तिथे?"

"कोण?"

"तिचा नवा."

अधिकाऱ्याने फिटरकडे पाहिलं. "आहे."

"मग पोरीला फोनजवळ घ्या. विचारा तिला, हा शेजारी उभा आहे तो तुझा कोण लागतो. तिच्या तोंडून ऐकू दे. एवढंच."

बायको फोनकडे झेपावली. फिटरने तिचं मनगट धरलं. "जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "शब्दच आहेत." मग तो मुलीसमोर उकिडवा बसला.

"पिल्लू, ते काका विचारतील, मी तुझा कोण. तू सांगायचं, कोणी नाही."

"का?"

"म्हणजे आपल्याला बसमध्ये बसायला मिळेल."

"पण ते खोटं आहे."

"थोडंसं."

तिने विचार केला. "तू रागावणार नाहीस?"

"अजिबात नाही."

त्याने तिला उचलून खिडकीच्या कठड्यावर बसवलं आणि पडू नये म्हणून पाठीला हात लावून उभा राहिला. अधिकारी टेबलाकडे बघत म्हणाला, "बाळ, हे तुझे कोण लागतात?"

"कोणी नाही."

"ऐकू नाही आलं," फोनमधून आवाज आला.

"कोणी नाही," मुलगी शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत म्हणाली. मग तिला वाटलं, एवढ्याने भागणार नाही. कोणी न शिकवताच तिने पुढे जोडलं, "मी ह्यांना ओळखत पण नाही."

फिटरचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.

अधिकाऱ्याने पेन उघडलं. "झालं समाधान? आता हो म्हणा, मी लिहून घेतो."

"साहेब, तुम्ही कानांनी ऐकलंत ना? पोर स्वतः सांगतेय, ओळखत नाही. असल्या परक्या माणसाबरोबर मी माझी मुलगी परमुलखात धाडू? तुम्ही धाडली असती? माझी संमती नाही. तसं लिहा."

फोन बंद झाला.

बायकोने लावला, पुन्हा लावला. मग लावायची थांबली. "साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत झालंय सगळं," ती म्हणाली. "त्याने मुद्दाम केलं. तुम्हाला कळलंय."

"कळलं," अधिकारी म्हणाला. त्याचं पेन चालूच होतं. "पण ताई, मघाशी नुसती मुदत संपली होती. आता नकार आहे. आता माझ्याही हातात काही राहिलं नाही." त्याने मोठ्यांचे दोन पासपोर्ट वेगळे काढले आणि मुलीचा त्यांच्यावर आडवा ठेवला. "तुम्ही दोघं जाऊ शकता. तुमचे कागद चोख आहेत."

फिटरने तिन्ही पासपोर्ट उचलून खिशात घातले.

कंडक्टर टपावर चढून दोऱ्या सोडू लागला. आतून कोणीतरी उशीर होतोय म्हणून कुरकुरलं. आधी गादीची वळकटी खाली आली. बायको तिच्यावर बसली आणि पदराने तोंड दाबून रस्त्याकडे बघत राहिली.

मुलगी बसच्या दारापर्यंत गेली होती. दार बंद झालं, तशी परत आली आणि फिटरचा शर्ट ओढू लागली.

"मी बरोबर सांगितलं ना, बाबा?"

"एकदम बरोबर," तो म्हणाला आणि वरून येणारी पेटी घ्यायला त्याने दोन्ही हात वर केले.